चार मिनिटांत रिकामं टेबल

माझ्या बाबांना एक विद्या येत होती. खुर्चीवर बसलेल्या माणसाला, त्याला एका शब्दानंही न दुखावता, चार मिनिटांत उठवायची. त्याला वाटायचं, आपण आपल्या मर्जीनं उठलो. बडीशेप चघळत तो रस्त्याला लागायचा आणि तोवर त्याच्या खुर्चीत पुढचा माणूस बसलेला असायचा.

उल्हासनगरात फर्निचर बाजाराच्या तोंडाशी एका सिंधी शेठचं हॉटेल होतं. तिथे बाबांनी एकतीस वर्षं वेटर म्हणून काढली. चौदा टेबलं, आणि दारात कायम माणसं ताटकळत उभी. भिंतीवर पाटी होती, ‘कामाशिवाय बसू नये’. पण पाटी वाचून कोण उठतंय? उठवायचे ते रामभाऊ, म्हणजे आमचे बाबा. शेठ गल्ल्यावरून नुसती मान हलवायचा, “साईं, पाच नंबर,” आणि बाबा ओलं फडकं घेऊन निघायचे. आधी टेबलाचा पलीकडचा कोपरा पुसायचा, मग अलीकडचा. मग गिऱ्हाइकाचा हात जिथे टेकलेला असेल तिथवर फडकं यायचं आणि हात आपोआप उचलला जायचा. रिकामा ग्लास जायचा. “और कुछ?” असं ते विचारायचे, पण इतक्या अदबीनं की ‘हो’ म्हणायची लाज वाटावी. तरीही कोणी पेपरात डोकं घालून बसलाच, तर पुढचं गिऱ्हाईक आणून त्याच्या पाठीशी उभं करायचं. मानेवर परक्या माणसाचा श्वास लागला की कितीही महत्त्वाची बातमी असो, माणूस उठतो, असं बाबांचं म्हणणं होतं.

शेठ सगळ्यांना सांगायचा, हॉटेल माझ्या चहावर नाही, रामभाऊच्या फडक्यावर चाललंय. बाबा ते वाक्य घरी येऊन आईला ऐकवायचे, आणि आठवड्यानं पुन्हा ऐकवायचे.

पुढे शेठ गेला, त्याच्या मुलांनी हॉटेल मोडून मोबाइलचं दुकान थाटलं आणि बाबा घरी बसले. तोवर आम्ही बदलापूर पूर्वेला फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. नवीन घर, नवीन डायनिंग टेबल आणि त्याच्यासमोर बिनकामाचे बाबा. आईनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडायच्या आत तिच्या ताटाभोवती फडकं फिरायला लागायचं. “अहो, जेवू द्या की मला!” आई ओरडायची. आईचं नाव द्रौपदी, आणि आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाणारा. बाबा ओशाळायचे, फडकं बाजूला ठेवायचे, आणि आई ताक प्यायला लागली की पुन्हा उचलायचे.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल. राजरत्न वांद्र्याच्या एका कॉफी शॉपमध्ये चार वर्षं कामाला होता. तिथून तो काळा एप्रन आणि भरपूर ज्ञान घेऊन आला. आमच्या घरी कॉफी दोनच कारणांनी व्हायची. कोणी आजारी पडलं की, किंवा कोणी साहेबमाणूस घरी आला की. आई ती दुधात उकळायची आणि वर इतकं जायफळ किसायची की आजारी माणूस गाढ झोपायचा आणि साहेबही जांभया देत लवकर निघायचा. राजरत्ननं घरातला हा सगळा कारभार एका वाक्यात निकालात काढला.

“ताई, कॉफी प्यायला कोणी येतच नाही. लोक बसायला येतात. कॉफी म्हणजे फक्त बसायचं तिकीट.”

मग त्यानं आम्हाला इतिहास सांगितला. अरबस्तानात कॉफीची दुकानं कशी निघाली, तिथून ती लंडनला कशी गेली, तिथे माणसं एका पेल्यावर दिवसभर कशी बसायची आणि बसून बसून राजाबद्दल काय काय बोलायची. शेवटी राजानं वैतागून दुकानं बंद करायचा हुकूम काढला. “बरोबरच केलं राजानं,” आई म्हणाली, “कामं नसतील का त्या लोकांना?” बाबांनी फडकं उचललं. एका पेल्यावर दिवसभर, हे ऐकूनच त्यांच्या छातीत धडधडलं असणार.

२००७च्या मे महिन्यात राजरत्ननं बदलापूरच्याच शिरगावात, नवीन बिल्डिंगच्या खाली गाळा घेऊन ‘कॉफी कट्टा’ उघडला. सोफे उल्हासनगरहून आले, बाबांच्या ओळखीनं. उद्घाटनाला बुद्धवंदना झाली, खीर वाटली, आमच्या कॉलनीतले सगळे येऊन सोफ्यावर उड्या मारून गेले. दुसऱ्या दिवसापासून खरं दुकान सुरू झालं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे तीन रिक्षावाले. त्यांनी मेनूकार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि ऑर्डर दिली, “भाऊ, दोन में तीन कर.” राजरत्ननं दोन कॅपुचिनो तीन कपांत केल्या. त्यानं ते कसं केलं ते मला माहीत नाही, पण फेस कोणाच्या वाट्याला गेला यावरून तिघांची भांडणं झाली.

बाबा दुसऱ्याच दिवशी मदतीला हजर झाले. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, खांद्यावर फडकं. दोन वर्षं जो माणूस गॅलरीत उभा राहून खालची वाहनं बघत होता, तो आता जिना उतरताना शीळ घालायचा. आई म्हणाली, “लग्नात पण एवढे खूश नव्हते.” मला बाबांना असं बघून फार बरं वाटायचं. ते खरंच दहा वर्षांनी लहान दिसायला लागले होते.

दुकान मात्र चालेना. म्हणजे लोक यायचे, पण थांबायचे नाहीत. राजरत्नचं तोंड दिवसभर मशिनकडे आणि पाठ गिऱ्हाइकाकडे. कपावर फेसाचं पान काढून तो वळायचा, तर टेबल स्वच्छ पुसलेलं आणि समोर कोणी नाही. त्यानं आधी गाणी बदलली. मग सोफ्यांवर उशा टाकल्या. मग दिवे पिवळे केले. भिंतीवर जुन्या कॉफी हाउसचे फोटो लावले, त्यात टोपीवाली माणसं निवांत बसलेली. “बदलापूरच्या लोकांना बसताच येत नाही, ताई,” तो मला रडवेला होऊन सांगायचा. “दिवाळीपर्यंत बघतो. तोवर रोजची बसणारी गिऱ्हाइकं झाली नाहीत, तर शटर खाली आणि मी परत वांद्र्याला.”

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये काम करते. आमची सुट्टी शुक्रवारी. अशाच एका शुक्रवारी मी मुद्दाम दुकानात जाऊन बसले. कॉफी मागवली, मासिक उघडलं. काही वेळानं माझ्या कोपरापाशी काहीतरी गार लागलं म्हणून मी हात उचलला. मग ग्लास गेला. मग कोणीतरी फार प्रेमानं विचारलं, “और कुछ?” मी “नाही, नाही” म्हणत उठले, पर्स घेतली आणि रिक्षा स्टँडपर्यंत पोचले. तिथे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की कॉफी अर्धीच प्यायले आहे, मला कुठेही जायचं नाहीये आणि मला उठवणारा माणूस माझा सख्खा बाप आहे.

मी तशीच परत गेले आणि राजरत्नला मशिनमागे गाठलं. त्यानं ऐकलं, वळून बघितलं. बाबा तेव्हा कॉलेजच्या दोन मुलींचा कोपरा पुसत होते. मुली एकमेकींकडे बघून उठत होत्या. राजरत्न मटकन स्टुलावर बसला.

प्रश्न असा होता की सांगणार कोण. राजरत्न म्हणाला, “ताई, तू मोठी आहेस.” मी म्हटलं, दुकान तुझं आहे. आम्ही दोघं आईकडे गेलो. आईनं हात झटकले. “मला नका मधे घेऊ. तिथून काढलंत तर ते दिवसभर घरी असतील, आणि मी जेवू कधी?” विनोद राहू दे, पण आम्हाला तिघांनाही कळत होतं. बाबांना ‘येऊ नका’ म्हणावं तर तो माणूस पुन्हा गॅलरीत उभा राहणार. आणि न म्हणावं तर दिवाळीला दुकान जाणार.

शेवटी राजरत्ननं त्यातल्या त्यात शहाणपणा केला. ‘येऊ नका’ म्हणण्याऐवजी त्यानं बाबांना ट्रेनिंग द्यायचं ठरवलं. पुढच्या शुक्रवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मला साक्षीला बसवून.

“बाबा, इथला धंदा उलटा आहे,” तो म्हणाला. “माणूस बसून राहिला की आपलं दुकान चाललं.”

बाबा साहेबासमोर उभं राहावं तसे हात मागे बांधून उभे होते. “एका कॉफीवर?”

“एका कॉफीवर.”

“दोन तास बसला तरी?”

“चार तास बसला तरी. त्याला कोणी काही बोलायचं नाही.”

बाबांनी खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मग विचारलं, “कोणीही बसला तरी?”

“हो बाबा, कोणीही.”

“म्हणजे, कोणीही?”

राजरत्न वैतागला. “कितीदा सांगू? कोणीही येऊन बसू शकतं. हाच तर कॉफी शॉपचा रूल आहे.”

बाबांनी फडक्याची घडी केली आणि काउंटरखाली ठेवून दिली. मला वाटलं होतं त्यांना राग येईल, निदान वाईट वाटेल. पण संध्याकाळी घरी जाताना ते वेगळंच बोलले. त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, गावच्या हॉटेलात शिरता यायचं नाही. त्यांचा कप बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. तो आपणच काढायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, उभ्यानं प्यायचा, विसळून पुन्हा खोचायचा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि आजोबांनी पहिलं काम केलं ते म्हणजे तो कप फोडला. पण हॉटेलात बसले मात्र नाहीत कधी. “बसू दिलं नसतं,” बाबा म्हणाले. “आणि राज्या म्हणतो, कोणीही. चांगला रूल आहे हा.” त्यांनी ते अगदी साधेपणानं सांगितलं.

त्यानंतर बाबांचे फार हाल झाले. हातांना सवय नव्हती. टेबलावर कॉफीचा एक थेंब सांडला की त्यांची बोटं वळवळायची. मग ते हात मागे घट्ट बांधून, ओठ आवळून, त्या थेंबाकडे एकटक बघत गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहायचे. दोन गिऱ्हाइकं त्या नजरेला घाबरूनच गेली. राजरत्ननं मग त्यांना दाराशी उभं केलं, बाहेर तोंड करून. ते जमलं. माणूस आला की बाबा दार उघडून म्हणायचे, “या, बसा. कितीही वेळ बसा.” असं सांगणारा माणूस बदलापुरात दुसरा नसावा. हळूहळू माणसं टिकायला लागली. एक निवृत्त मास्तर रोज शब्दकोडं घेऊन यायचे. क्लासची मुलं यायची. आणि सप्टेंबरअखेर तर लॉटरीच लागली. सोनिवलीच्या नव्या टॉवरमधलं महिला मंडळ आलं. सहा मॅडम, सहा पर्सा, एक डिजिटल कॅमेरा. त्यांनी दोन तास बसून, केक मागवून, जाताना सांगितलं की आता दर शुक्रवारी आम्ही इथेच भेटणार, आणि दिवाळीचा कार्यक्रमही इथेच. राजरत्ननं रात्री आईसमोर नाचून दाखवलं.

ऑक्टोबरातला दुसरा शुक्रवार. उन्हाचा नुसता चटका. मी कोपऱ्यात बसले होते. मधल्या मोठ्या टेबलावर मंडळाचा हास्यकल्लोळ चालला होता. दुपारी दोनच्या सुमारास बारवी धरणाकडच्या एका आदिवासी वाडीवरची ठमी आली. ती शिरगावात दारोदार भाजी विकायची, त्या दिवशी पाटीत गावठी काकड्या होत्या. पन्नाशीची, काटक बाई. तिनं दुकानाच्या पायरीवर पाटी टेकवली आणि बाबांकडे पाणी मागितलं.

बाबांनी पाणी दिलं. मग दार पूर्ण उघडून धरलं. “आत ये बाई. बस.”

“नको रं दादा. मी हितंच बरी.”

“ऊन आहे. आत पंखा आहे.”

“मला कोन बसू देतंय आत?”

“इथं कोणीही बसतं. मालकानी सांगितलंय.”

ठमीनं मालक कोण ते बघायला मान आत घातली, राजरत्नची पाठ बघितली, आणि पाटी घेऊन आली. भिंतीकडच्या सोफ्यावर अगदी कडेला टेकली. पाटी पायाशी ठेवली. बाबांनी खणखणीत आवाजात ऑर्डर दिली, “एक कॉफी, सहा नंबर!” कॉफी कट्ट्यात टेबलांना नंबर नव्हते.

मधल्या टेबलावरचं हसणं कमी झालं. मग एक मॅडम उठून काउंटरशी गेल्या. त्या बोलल्या हळू, पण मला ऐकू येत होतं. “राजरत्न, त्या बाईंना बाहेर बसायला सांगता का प्लीज? तसं काही नाही हं, पण आम्ही फोटो काढतोय. आणि पाटीला माती आहे.”

राजरत्ननं ठमीकडे बघितलं, मंडळाच्या टेबलाकडे बघितलं. दिवाळी चार आठवड्यांवर होती. मी त्याचा चेहरा बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, नको, राज्या, नको. तो बाबांजवळ गेला.

“बाबा,” त्यानं काउंटरखालचं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. “तुमचं ते... एकदाच. तिला कळणारही नाही. चार मिनिटांचं काम आहे.”

बाबांनी फडकं बघितलं. उघडून बघितलं, जणू काही ते कशासाठी असतं ते आठवत होते. मग त्याची नीट घडी केली आणि राजरत्नच्या हातात परत ठेवली.

“मला नाही येत रे आता,” ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. राजरत्न तिथेच उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला लांबून दिसत होत्या. लहानपणी खोटं बोलताना पकडला की असाच व्हायचा. मॅडम वाट बघत होत्या. शेवटी तो त्यांच्याकडे वळला आणि फडकं हातात चुरगाळत म्हणाला, “सॉरी मॅडम. इथं कोणाला उठवत नाहीत.”

“अच्छा. मग आम्हीच उठतो.”

आणि त्या उठल्या. सहाच्या सहा, पर्सा आणि कॅमेऱ्यासकट. बाबांनी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं आणि सवयीनं “पुन्हा या” म्हणाले. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही येत होतं. राजरत्नला जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हटलं, “आता त्या बाईची कॉफी कर, किती वेळ?”

त्यानं केली. वर फेसाचं पान काढलं, दोनदा बिघडलं तर तिसऱ्यांदा काढलं, आणि स्वतः नेऊन ठमीसमोर ठेवली. ठमीनं पान बघितलं, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“कडू हाय. साकर नाय घातलीस?”

राजरत्न साखर आणायला पळाला. ठमी बाबांकडे वळली. “त्या बाया माज्यापायी गेल्या काय?”

“नाही, नाही,” बाबा म्हणाले. “त्यांची वेळ झाली होती.”

ठमीला ते पटलं नाही, पण तिनं विषय वाढवला नाही. तिनं पाटी पायानं बाजूला सारली आणि सोफ्यावर हात आपटला. “तू पन बस की मग. उबा काय ऱ्हायलास?”

बाबांनी आमच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं आणि वर हे पाच महिने, पण हा माणूस कुठल्याही हॉटेलात खुर्चीवर बसला नव्हता. वेटर लोक मोरीपाशी उभ्यानं जेवतात, पाठ टेकायची तर तेलाच्या डब्याला. हे मला माहीत होतं आणि मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

“बसा बाबा,” राजरत्न म्हणाला. त्यानं सोफ्यावरची उशी बाजूला केली.

बाबा बसले. आधी कडेला, मग सोफा आत गेला म्हणून दचकून, मग हळूच मागे टेकून. राजरत्ननं त्यांच्यापुढेही एक कप ठेवला. ठमी काकड्यांचं सांगत होती, यंदा रानडुकरांनी किती नासधूस केली ते. बाबा त्यांच्या गावच्या डुकरांचं सांगायला लागले. साडेचार वाजले. मास्तर शब्दकोडं घेऊन आले, क्लासची मुलं आली, त्यांच्यासाठी बाबा उठतील असं मला वाटलं होतं. ते उठले नाहीत. टेबलावर साखर सांडलेली होती, तीही तशीच होती.

संध्याकाळी मी आणि बाबा घरी निघालो. ठमीनं दिलेल्या दोन काकड्या पिशवीत होत्या. कोपऱ्यावर आल्यावर बाबा थांबले.

“माया, तुझ्या आईला सांगू नकोस हां.”

“काय?”

“मी ड्युटीवर बसलो होतो ते.”